कोऱ्या पानाखाली आत्याबाईंची सही

"धरा, धरा की कुणीतरी!" म्या वरडतीय, काखंत लेक रडतीय, आन् आत्याबाई, माझ्या सासूबाई, खुर्चीवरनं घसरत चालल्यात... आमच्या पतसंस्थेची वार्षिक सभा व्हती. अध्यक्षांनी माईकवर वही वर धरली, "देखरेख समितीनं समदी कर्जं तपासल्यात, ही बघा सही." आत्याबाई उठल्या. "सही माझीच हाय. पर वरचं लिव्हणं तवा न्हवतं. पान कोरं व्हतं." अध्यक्ष हासले. "म्हातारे, कोऱ्या पानावर सही करती, मग समितीत कशाला बसती? चुलीम्होरं बस!" मागनं समदी हासली. टेम्पोतनं वेल्ह्याच्या दवाखान्यात नेस्तवर आत्याबाई गेल्या. त्याला म्हयना झाला.

देखरेख समिती म्हंजी संचालकांच्या कारभारावर नजर ठिवणारी पाच माणसं. बाईची राखीव जागा भरायची म्हणून आत्याबाईंचं नाव घातलं. बैठक कवाच न्हाई. वहीच घरोघर फिरायची, शिपाई पान उघडून खाली बोट ठिवायचा. त्यांना सही म्याच शिकीवली, म्या सातवीपतूर शिकल्याली. चुलीतली राख पसरून बोटानं गिरवायच्या, लई हौस! एकदा मला म्हनल्या, "पोरी, वर काय लिव्हलंय?"

"कायबी न्हाई."

"मग म्या कशाखाली नाव घालू?"

माझी भाकर करपत व्हती... म्या म्हनलं, "घाला वो, त्यो खोळंबलाय." त्यांनी घातलं. मागनं अध्यक्षांनी त्याच पानावर समदी कर्जं, सोताच्या भावाचं बिनतारणाचंबी, तपासून बरोबर हायती म्हणून लिव्हलं.

तेरावं झालं आन् दुसऱ्याच दिवशी शिपाई वही घिऊन दारात. "त्यांच्या जागी तुमाला घेतलंय. हितं सही करा." पान कोरं, खाली चौघांच्या सह्या आधीच! म्या म्हनलं, "हात वल्ले हायती, आत बसून करते." आत गेले, आत्याबाईंच्या ट्रंकेत, त्यांच्या लुगड्याच्या घडीत वही घातली आन् कुलूप लावलं; शिपायाला म्हनलं, मालक आल्यावर पाठवून देते. आत्याबाईंचं पानबी ह्याच वहीत; ही वही म्या जिल्ह्याच्या सहकार खात्याच्या सायबाम्होरं उघडनार. त्या माणसाचं तोंड भर सभेत काळं पडलेलं मला बघायचंय, समद्यांनी त्याला हासलेलं ऐकायचंय. देवानं पाप लावलं तरी चालंल.

काल अध्यक्ष सोता आले. "सूनबाई, उद्या सकाळपतूर वही पायजे. न्हाईतर नवऱ्याला आमच्या दुधाच्या टेम्पोवर कामाला पाय ठिवू देनार न्हाई." नवरा म्हनतो, "देऊन टाक, लेकीच्या तोंडात काय घालशील?" ट्रंक उघडली की लुगड्याला अजून आत्याबाईंच्या तंबाखूचा वास येतो... वही द्यावी तर त्या परत मरत्यात. न द्यावी तर घर बसतं. सकाळ व्हत आली. माझ्या जागी तुमी काय केलं असतं?