दोनदा तळलेली मिरची

मी मिरचीची भजी करायला बसले की माझ्या सुना एकमेकींकडे पाहतात. म्हातारी आता तळलेलं पुन्हा तळणार, तेल संपवणार आणि वर आपल्यालाच शिकवणार. पाहू द्या. भजी पुढ्यात आली की त्याच दोघी आधी हात घालतात, म्हणून मी मनावर घेत नाही. पण ही रीत माझी नाही, माझ्या सासूची आहे, आणि ती तिला फुकट मिळालेली नव्हती.

माझं माहेर इस्लापूरकडचं, सासर बोथजवळच्या खेड्यात. लग्न झालं तेव्हा दोन्ही गावांचा तालुका एकच, बोथ. वडिलांचा जमिनीचा एक कज्जा निजामाच्या वेळेपासून चालू होता. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, कचेरीवरचा झेंडाही बदलला, पण त्यांच्या तारखा काही संपल्या नाहीत. मी लहान असताना तारखेला ते मलाही बोथला घेऊन येत. ते कचेरीच्या ओसरीवर पेशकाराची वाट पाहत बसत आणि मी समोरच्या चिंचेखालच्या भजीवाल्याची कढई पाहत बसे. दुपारी कचेरीतून माणसं बाहेर आली की तो मिरचीचे तुकडे कढईत सोडी. वडील पळसाच्या पानावर चार तुकडे आणून देत आणि मी खाईपर्यंत उन्हाच्या बाजूला उभे राहत. तारीख पुढे ढकलली गेली की ते उदास होत. मला मात्र आनंद व्हायचा, कारण पुढची तारीख म्हणजे पुढची भजी.

लग्नानंतरही तारखेला आले की वाकडी वाट करून ते मला भेटून जात. मग राज्यांची फेररचना झाली. इस्लापूरचा भाग आमच्या तालुक्यातून निघून नांदेड जिल्ह्यात गेला आणि आम्ही आंध्रात राहिलो. गावं होती तिथंच होती, पण वडिलांच्या कज्ज्याची मिसल, सगळ्या कागदांसकट, किनवटच्या कचेरीत गेली आणि तिच्यामागून वडीलही तिकडेच जाऊ लागले. लेकीच्या गावी उगाच कसं जायचं, असा त्यांचा स्वभाव. दिवाळीपासून आषाढापर्यंत मला त्यांचं तोंड दिसलं नाही. त्यातच मला दिवस गेले.

आणि माझ्या पोटात काही टिकेना. भाकरी टिकेना, कण्या टिकेनात, पाणीसुद्धा उलटून पडे. तीन महिन्यांत बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. गावच्या सुइणीनं सासूला बाजूला घेऊन सांगितलं की पोरीच्या पोटात अन्न राहिलं नाही तर लेकरू राहणार नाही. भिंत पातळ होती, मी ऐकलं.

माझी सासू तोंडानं कडक होती. तिच्या तोंडून कुणाची तारीफ मी कधी ऐकली नव्हती. रांधायला मात्र तिच्यासारखी बाई त्या पंचक्रोशीत नव्हती. नुसत्या वासावरून वरणात मीठ किती हे सांगायची. त्यातही नवल असं की तळण तिच्या हातचं सगळ्यांत चांगलं, आणि ती स्वतः ते तोंडाला लावत नसे. आमच्याकडे माणसं देवाच्या नावानं एखादी आवडती वस्तू सोडतात. तिनं तळलेलं सोडलं होतं. कशासाठी, हे विचारायची माझी छाती नव्हती.

तिनं विचारलं, तुला काय खावंसं वाटतं. मी लाजत सांगितलं, कचेरीसमोरची मिरचीची भजी. खरं तर मला वडील हवे होते, पण ते कसं सांगणार. आमच्या घरच्या बायका बाजारचं खात नसत. तरी तिनं माझ्या नवऱ्याला भजी आणायला धाडलं. तो चार कोस चिखल तुडवून पुडा घेऊन आला तेव्हा भजी गार आणि लिबलिबीत झाली होती. वास आला आणि मी मोरीकडे पळाले.

मग सासूनं पदर खोचला. घरच्या डाळीचं पीठ दळलं, घाण्यावरचं ताजं तेल आणवलं. मी अंथरुणावर पडून उंटावरून शेळ्या हाकत होते. आत आंबट काहीतरी असतं, असं म्हटलं. तिनं ताक लावलं. तो तुकडे करून तळतो, असं म्हटलं. तिनं कच्च्या मिरचीचे तुकडे करून पिठात बुडवले आणि तेल असं उडालं की तिच्या मनगटावर फोड आले. प्रत्येक घाणा ती कढईतून थेट माझ्या ताटात वाढे. भजी सुरेख होती. पण ती नव्हती, आणि ती नव्हती म्हणून पोटात राहत नव्हती. मला रडू आलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ती फोडांना तूप लावत म्हणाली, तळून काय उपयोग, मला चव कुठं ठाऊक आहे.

बाजाराच्या दिवशी तिनं छकडा जुंपायला लावला आणि मला बोथच्या सरकारी दवाखान्यात नेलं. नर्सबाईनं सुई टोचली आणि म्हणाली, जे टिकेल ते द्या, काय आहे ते बघू नका. परत येताना सासूनं छकडा कचेरीपासून थोडा लांब, चिंचेच्या मागच्या बाजूला उभा करायला लावला, मला आतच बसवलं आणि स्वतः चिंचेखाली गेली. पळसाच्या पानावर गरम भजी घेऊन आली. मी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा, मग चारही. ती माझ्या तोंडाकडे न पाहता बैलांकडे पाहत उभी राहिली. बैलांचा कडबा संपला तरी मला उलटी झाली नव्हती.

ती पुन्हा भजीवाल्याकडे गेली. छकड्याच्या बांबूच्या ताटीतून मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. तो तेलुगू माणूस, मोडकंतोडकं मराठी बोलायचा. पुढल्या बाजारापासून आपण इथं नसणार, असं त्यानं सांगितलं. इस्लापूरकडची माणसं कचेरीत यायची बंद झाली, निम्मं गिऱ्हाईक तुटलं. आता इचोड्याला सडकेवर ट्रकवाल्यांसाठी कढई मांडणार होता. इचोड्याला रोज कोण नेणार. सासूनं कृती विचारली, आणि त्यानंही हातचं राखलं नाही. अख्ख्या मिरच्या भरून, पिठात बुडवून सकाळीच अर्ध्याकच्च्या तळून टोपलीत ठेवायच्या आणि माणसं आली की कापून पुन्हा तळायच्या. लहानपणी मी पाहिलं होतं ते दुसरं तळण. पहिलं त्यानं आम्ही यायच्या आधीच उरकलेलं असे.

हे सासूला कधीच सुचलं नसतं. आमच्या घरात गर्भारशीला कढईतून ताटात वाढतात. एकदा तळून ठेवलेलं पुन्हा कढईत टाकणं म्हणजे शिळं गरम करणं, ते तिनं भिकाऱ्यालाही दिलं नसतं. बिचारी फार चांगलं करत होती, तिथंच चुकत होती.

आत काय भरतोस, कितपत भरतोस, असं तिनं विचारलं तेव्हा मात्र तो अडला. मसाला त्याच्या हाताला ठाऊक होता, तोंडाला सांगता येत नव्हता. तो म्हणाला, "अम्मा, खाऊन बघा. दुसरं काय सांगू?"

बाजार भरलेला होता. कचेरीच्या ओसरीवर आमच्या गावचे दोघे बसले होते, पटवारी होता, सासऱ्यांचे सोयरे होते. डोईवरचा पदर नीट करून, सगळ्यांसमोर, माझ्या सासूनं भजं उचललं आणि तोंडात घातलं. डोळे मिटले. इतक्या सावकाश चावलं की भजीवाल्याचा झारा हातातच राहिला. मग एकेक बोलली: चिंचेचा कोळ, ओवा, भाजलेल्या तिळाचं कूट, पिठात चौथाई ज्वारी. भजीवाल्यानं हात जोडले. मी ताटीआडून पाहत होते. बाजारात खाल्लं त्याचं मला काही वाटलं नाही. तिनं सोडलेलं खाल्लं, याची मला भीती वाटत होती.

वाटेत मीच धीर केला. "आत्याबाई, तुमी तर सोडलं होतं ना?"

ती म्हणाली, "तुहा नवरा दोन वर्साचा होता. माता निघाल्या होत्या त्याले, डोळे उघडत नव्हता. तवा सोडलं."

माता म्हणजे देवीचा रोग. म्हणजे ज्याच्या जिवासाठी सोडलं, तो माझाच नवरा, आणि ज्याच्या जिवासाठी खाल्लं, ते माझ्या पोटातलं.

"मंग आता?" मी विचारलं.

"देवाजवळचं उचललं, तर त्याच्या जाग्यावर दुसरं ठेवन. तू काऊन रडून राह्यली? नीट बस, गचके लागतात."

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. जेवताना सासऱ्यांनी खाली मान घालून विचारलं, कचेरीसमोर भजी खाल्लीस म्हणे. तिनं भाकरी वाढत सांगितलं, खाल्ली, आणि पुन्हा खावी लागली तर पुन्हा खाईन. सासऱ्यांनी तो विषय परत काढला नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? गावातल्या बायका पाणवठ्यावर महिनाभर हसत होत्या. हसोत बापड्या.

दुसऱ्या दिवशी तिनं मिरच्या अर्ध्याकच्च्या तळून सुपात ठेवल्या, निवल्यावर कापल्या, पुन्हा तळल्या. पहिला तुकडा स्वतः चाखला, मान हलवली आणि मग मला दिला. तीच चव, तीच चिंच, तोच ओवा. मला वडील उन्हाच्या बाजूला उभे असल्यासारखे वाटले आणि मी रडतरडत खाल्लं. ते पोटात राहिलं. भज्यामागून भाकरीचा तुकडा राहू लागला, मग वरण, मग दूध. महिना दीड महिना ती रोज चार मिरच्या माझ्यासाठी दोनदा तळत होती. एवढ्या तळणानं गर्भारशीचं भलं होत नाही, असं आता शिकलेल्या पोरी मला सांगतात. त्यांना मी माझा मुलगा दाखवते.

तो हिवाळ्यात झाला. उन्हाळा संपता संपता त्याचं उष्टावण केलं. वडील आले होते, कसली तारीख नसताना, पहिल्यांदाच. सासूनं आदल्या रात्रीच आढीतले आंबे काढून पाण्यात टाकले होते. आमच्या बांधावरच्या त्या गोटीच्या आंब्यासाठी ती जीव टाकायची. आदल्या वर्षी उन्हाळाभर तिच्या हातातून कोय सुटली नव्हती. या वर्षी मात्र ती सगळ्यांना वाढत होती, रस काढत होती, आणि काम झालं की हात चाटायच्याऐवजी धुवून टाकत होती. आढी निम्मी संपली तरी माझं लक्ष गेलं नव्हतं. अशी मी वेंधळी.

खिरीचा पहिला घास झाल्यावर तिनं नातवाला मांडीवर घेतलं आणि रसाचं बोट त्याच्या जिभेवर टेकवलं. पोरगं मिटक्या मारत तिचं बोट सोडेना. खिरीवर लगेच आंबा बाधेल, म्हणून मी त्याला घ्यायला वाकले.

"खाऊ दे त्याले," ती म्हणाली, "माह्या वाट्याचा हाय तो."