सुकेळी आणि कॉलेजचा चष्मा

कॉलेजने तो चष्मा मला आठ दिवसांसाठी दिला, तेव्हा मी तो टॉवेलात गुंडाळून घरी आणला. दिसायला साधाच, फक्त काड्या जाड. पण घातला की समोरच्या वस्तूंवर अक्षरं आणि चौकटी दिसायच्या, आणि आपण जे बघतोय ते दुसऱ्या कुणाला त्याच्या फोनवर दिसायचं. सरांनी सांगितलं होतं, रोजच्या जगण्यातला याचा एक उपयोग शोधा आणि करून दाखवा. वर्गातल्या एकीने दुकानांच्या पाट्यांचं भाषांतर घेतलं. एकाने स्वयंपाकाची कृती डोळ्यांसमोर दाखवायचं ठरवलं. मला काही सुचत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे असलं काही विचारायचं कुणाला, हेही कळत नव्हतं.

वटार गावात आमची केळी-नारळाची लहानशी वाडी आहे. दर वर्षी राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून आम्ही सुकेळी करतो. करतो म्हणजे आते करायची, बाबांची मोठी बहीण. आम्ही केळी सोलून द्यायचो, बाकी सगळं तिच्या हातचं. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि ती नायगावला मुलाच्या घरी, अकराव्या मजल्यावर राहायला गेली. वॉकर घेऊन चालते. तेव्हापासून ती वाडीत आलीच नव्हती. या वर्षी तिने फोनवर सांगून टाकलं, "घड विकून टाका. मला खाली बसवत नाही, आणि तुम्हाला कुणाला ते जमायचं नाही."  बाबांनी गुपचूप दोन घड पेंढ्यात पिकत घातले.

मग मला वाटलं, आतेला चष्म्यातून दाखवलं तर? भीतभीतच विचारलं. ती म्हणाली, "तुझं कॉलेजचं काम आहे ना? मग बघते." म्हणजे माझ्यासाठी ती तयार झाली. स्वतःसाठी झाली नसती.

पहिल्या दिवशी मी चष्मा लावून केळी सोलायला बसले. नायगावहून, फोनवर बघणाऱ्या आतेचा आवाज काडीतून माझ्या कानात येत होता.

"बाय, डोकं हलवू नको, मला गरगरतं."

"नाही हलवत."

"नखं लावू नको. आणि बघतेस कुठे? केळी खाली आहेत, तू नारळ मोजतेस."

सोललेली केळी मी बांबूच्या तट्टीवर ओळीने मांडायला लागले. तट्ट्या दर वर्षी वीतभर उंचीच्या खांबांवर असतात, आते बाजूला पाटावर बसायची. यंदा बाबांनी तट्ट्यांखालचा मांडव माझ्या कमरेइतका उंच बांधला होता. मी विचारलं होतं तेव्हा म्हणाले होते, कोंबड्या चढतात म्हणून. मला ते पटलंही होतं.

आतेने ते लगेच पाहिलं. मी उभी राहून मांडतेय आणि तट्टी हाताशी आहे, हे तिला माझ्याच डोळ्यांतून दिसत होतं.

"हा मांडव एवढा उंच कुणी केला?"

"बाबांनी. कोंबड्या चढतात म्हणून."

 ती म्हणाली, "कोंबड्या तर तीस वर्षं आहेत."

मी बाबांकडे बघितलं. म्हणजे तिनेही बघितलं. ते विहिरीपाशी उगाचच दोरी गुंडाळत होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी दव पडायच्या आत केळी गोळा करायची, सुक्या केळीच्या पानांत गुंडाळून टोपलीत झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा पसरायची. टोपलीत रात्रभर रस सुटतो आणि त्यानेच सुकेळ्याला गोडी येते. आते रोज हजर असायची. केळ्यांचं झालं की म्हणायची, "आता जरा चाफ्याकडे ने. आता विहिरीकडे." मी वाडीभर सावकाश चालायचे, तिला गरगरू नये म्हणून.

प्रोजेक्टसाठी मी चष्म्यात एक सोयही बसवली होती. केळ्याचा रंग बघून, तयार झालं की त्याच्याभोवती हिरवी चौकट यायची. ती जमवायला माझ्या दोन रात्री गेल्या होत्या. चौथ्या दिवशी दुपारी सगळ्या तट्टीवर हिरव्या चौकटी उमटल्या. मी आनंदाने पानांची पुडकी बांधायलाच घेतली.

"थांब. काय करतेस?"

"झाली ना, आते. रंग बघ."

"रंग मलाही दिसतोय. दाबून बघ. कानाच्या पाळीसारखं लागतंय की नाकाच्या शेंड्यासारखं?"

मी केळं दाबलं, मग कान चाचपला, मग नाक. पुन्हा केळं. "पाळीसारखं."

"मग आत ओलं आहे. बांधलंस तर आठ दिवसांत बुरशी. शेंड्यासारखं लागेपर्यंत ऊन दाखव."

दोन्ही घड फुकट गेले असते. आणि आते पुन्हा म्हणाली असती, विकून टाका. मी बांधलेलं पुडकं सोडलं. आणखी तीन दिवस गेले. रोज कान आणि नाक चाचपून बोटांचा पाक चष्म्याच्या काड्यांना लागला, आणि एका सकाळी त्यावर मुंग्यांची रांग दिसली. तो मी ओल्या फडक्याने पुसून काढला. मी परत केला तेव्हा सरांनी चष्मा नाकाशी नेला आणि विचारलं, "याला केळ्याचा वास का येतोय?"

मी खरं ते सगळं सांगितलं. हिरवी चौकट चुकली हेही सांगितलं. सर म्हणाले, चुकली ते लिही, का चुकली तेही लिही. मी लिहिलं की रंग चष्म्याला दिसतो, मऊपणा दिसत नाही, तो विचारणारं माणूस पलीकडे लागतं. मला बरे मार्क मिळाले, सगळ्यात जास्त नाही.

रविवारी बाबा आणि मी पुडकी घेऊन नायगावला गेलो. आतेने पान सोडलं, सुकेळं दोन बोटांत दाबलं, मग नाकाचा शेंडा दाबला. खाल्लं ते नंतर.

"चष्मा कुठे आहे?" तिने विचारलं.

"परत दिला."

"मग पुढच्या घडांना मी कशातून बघू?"

मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ताई, पुढचे घड पिकत घातलेत. गुरुवारी सोलायचे."

"रिक्षा वाडीच्या आत येईल का? फाटकापासून मला चालवणार नाही."

"येईल. वाटेतला नारळाच्या पानांचा झाप काढून ठेवतो."

"आणि मांडव आहे तेवढाच ठेव," आते म्हणाली. "कोंबड्या चढतात."

बाबा हसले नाहीत, पण त्यांनी दुसरं सुकेळं उचललं. एरवी ते गोड खात नाहीत.

गुरुवारी आते आली. वॉकर मांडवाला टेकवून उभी राहिली आणि मला म्हणाली, "नखं लावू नको." मी सोलत होते, ती मांडत होती.