पोटऱ्यांचं दुखणं

पोलीस भरतीचं माझं वय संपायला एकच वर्ष उरलं होतं. लग्न होऊन लोणावळ्याजवळ औंढ्यात आले तेव्हा मला दोनशे पावलंही धड पळता येत नव्हती. धीर दिला तो सासूबाईंनी. वलवणच्या रस्त्याकडेला त्या माझा मोबाईल घेऊन बसायच्या, त्यात घड्याळ लावायच्या आणि मी आठशे मीटर पळून आले की ओरडायच्या, "कालच्यापरीस तीन शेकंद कमी!"

आठ महिन्यांत अंग बदललं. धाप लवकर ओसरायला लागली. सकाळी अंथरुणातच नाडी मोजायचे, ती आधीपेक्षा संथ लागायची. पोटऱ्या घट्ट झाल्या. एवढी मेहनत केलेल्या अंगाला काही होणार नाही असं मला खरंच वाटत होतं.

मग भातलावणी आली. चार दिवस चिखलात होते, टाचेला भेग पडलेली. आठवड्याभरानं पोटऱ्या दुखायला लागल्या, हात लावला तरी ठणकायच्या.

"लय ताणलंस गं," सासूबाई म्हणाल्या आणि तेल चोळलं. पळून पळून दुखतंय असंच मलाही वाटलं, म्हणून कणकण असताना दुसऱ्या दिवशीही पळाले. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. डोळे आधी लाल झाले, मग पिवळे.

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी पोटरी दाबली तशी मी किंचाळले.

"चिखलात उतरला होता? लेप्टो वाटतोय. घाण पाण्यातले जंतू भेगेतून आत जातात."

"पण डॉक्टर, मी रोज पळते."

"ते जंतूंना कुठं कळतं? आणि तापात पळालात, हे फार वाईट केलंत."

दहा दिवस सलाईनवर होते. आठ महिन्यांत कमावलेल्या मांड्या डोळ्यांदेखत सुकत गेल्या आणि मला नुसतं बघत राहावं लागलं. सासूबाई खाटेशी बसून एकच म्हणायच्या, "म्याच म्हनलं पळून दुखतंय. मला कसं कळलं न्हाई?" त्यांची समजूत घालायलाही अंगात जोर नव्हता.

घरी आले आणि ओट्याच्या तीन पायऱ्यांतच छाती धडधडली. मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर होती. डॉक्टर नको म्हणाले, तरी गेले. पहिली फेरी कशीबशी झाली. दुसरीत पाय उचलेचनात. पोरी एकामागून एक पुढं गेल्या. मी चालत रेघ ओलांडली तेव्हा वेळ टिपणाऱ्या पोलीस बाई हळूच म्हणाल्या, "ताई, सावलीत बसा."

फाटकाबाहेर सासूबाई उभ्या होत्या.  परतताना एसटीत त्या डोळे मिटून बसल्या, पण झोपल्या नव्हत्या.

वय निघून गेलं. आता तुंगार्लीच्या एका बंगल्यावर स्वयंपाकाला जाते. तिथल्या चढावर मला अजून दोनदा थांबावं लागतं.