विकनेस आणि बाकीचे नेस

माझ्या सासऱ्यांना इंग्रजी येत नाही असं म्हणणं अगदी खरं नाही. त्यांना रेट, डिझाइन, लाइट कलर, डार्क कलर आणि 'नो एक्स्चेंज' एवढं येतं, आणि भंडाऱ्यात साडीचं दुकान चालवायला तेवढं पुरतं. मी त्यांना मामाजी म्हणते. त्यांच्या घरी पूर्वी हातमाग होते आणि तरुणपणी ते स्वतः करवतकाठी विणायचे. करवतीच्या दातांसारखा काठ असलेली ही आमच्याकडची कोसा रेशमाची साडी. पुढे माग गेले आणि दुकान आलं, पण मामाजींची खोड गेली नाही. साडी दाखवताना ते ती नुसती गादीवर पसरत नाहीत. उभे राहतात, निऱ्या घालतात आणि सदऱ्या-पायजम्यावर स्वतःच नेसून दाखवतात. पांढऱ्या मिशीचा माणूस खांद्यावरचा पदर सावरत "पाहा न बाई, कशी चोपून बसून राहिली" म्हणतो, तेव्हा साडी न घेता उठायला समोरच्या बाईलाच लाज वाटते.

दुपारनंतर मीही दुकानात बसते. माझी मुलगी इंग्रजी शाळेत चौथीत आहे. तिची बस तिला दुकानापाशीच सोडते आणि ती गादीच्या कोपऱ्यात बसून गृहपाठ करते. एक दिवस तिला गृहपाठ होता, शेवटी 'नेस' येणारी, यमक जुळणारी दहा नामं अर्थासकट लिहायची. ती मोठ्याने पाठ करू लागली, "हॅपीनेस, सॅडनेस, काइंडनेस, डार्कनेस."

मामाजी साड्यांच्या घड्या घालत होते. त्यांचे हात थांबले. थोडं ऐकून ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, "चौथीतच नेसाले शिकवून राहिले काय?"

त्यांच्या चेहऱ्यावर शाळेबद्दल एवढा आदर मी आधी कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं ते म्हणायचे की या शाळेत पोरीला कामाचं काहीच शिकवत नाहीत.

मी त्यांना समजावून सांगितलं की हे साडी नेसणं नाही. इंग्रजीत नेस म्हणजे आपला 'पणा'. काइंड म्हणजे दयाळू, काइंडनेस म्हणजे दयाळूपणा. डार्क म्हणजे काळोखी, डार्कनेस म्हणजे काळोख. कोणत्याही विशेषणाच्या मागे नेस लावा, नाम तयार.

मामाजींना हे फार आवडलं. "म्हणजे काठ आहे तो," ते म्हणाले. "अंगात रंग कोणताही घ्या, काठ एकच."

व्याकरण इतकं सोपं करून मला कोणत्याच मास्तरांनी सांगितलं नव्हतं. मी मान डोलावली, आणि तिथेच चुकले. दुसऱ्या दिवसापासून दुकानात काठ लागू लागले. कोसा दाखवताना सॉफ्टनेस, काठपदरात थिकनेस, पिवळ्या साडीत ब्राइटनेस. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण इंग्रजी शब्द लवकर संपले आणि ते आपल्या शब्दांना काठ लावू लागले. भावात घासाघीस करणाऱ्या बाईत चिकटनेस होता. शेजारचा भांड्यांचा दुकानदार रोज आमचंच वर्तमानपत्र नेऊन वाचायचा, त्याच्यात फुकटनेस होता. एका बाईंनी चांगल्या पन्नास साड्या उघडायला लावल्या आणि "पाहून येतो" म्हणून निघून गेल्या. त्यांच्या पाठीकडे बघत मामाजी म्हणाले की या बाईत नुसतंपाहानेस जास्त आहे.

मुलगी हे सगळं ऐकून कपाळाला हात लावायची. आबाजी माझा गृहपाठ खराब करतात, अशी तिने वडिलांकडे तक्रारही केली. तिच्या वडिलांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि जेवताना डाळीत आंबटनेस कमी आहे असं मला सांगितलं. त्यांचा काही उपयोग नव्हता.

मग एकदा उन्हातून एक बाई आल्या. टेकून बसल्या आणि म्हणाल्या की दोन दिवसांपासून विकनेस येऊन राहिला, आधी पाणी द्या. मी पाणी आणायला उठले. मामाजी मात्र हातातली साडी तशीच धरून विचारात पडले.

"बाई," ते म्हणाले, "हा तर मले चाळीस वर्षांपासून आहे. विक आणि नेस. नेस आणि विक. दुसरं केलं काय मी?"

बाई इतक्या हसल्या की मी आणून दिलेलं पाणी अंगावर सांडलं, त्यांच्या नाही, मामाजींच्या. कोपऱ्यातून मुलीने सांगितलं की त्यातला वी दीर्घ आहे आणि अर्थ अशक्तपणा आहे. मामाजींनी ते मान्य केलं. पण त्यांनी नेसच्या शब्दांची एक छोटी वही केली होती, तिच्यातून विकनेस खोडला नाही.

त्या वहीने मला अडचणीत आणलं. आमच्या घरात मी इंग्रजीवाली सून आहे. लग्नाच्या वेळी कुणीतरी तसं सांगितलं होतं आणि मी ते कधी नाकारलं नाही. त्यामुळे मामाजी वही घेऊन माझ्याकडेच यायचे. एक दिवस त्यांनी विचारलं की बिझनेसमध्ये नेस आहे, तर बिझ म्हणजे काय? मी म्हटलं, बिझी. सतत कामात असण्याचा गुण. त्यांनी रिकाम्या दुकानाकडे पाहिलं. भर दुपार होती आणि तासाभरात कुणी उंबरा चढलं नव्हतं. त्यांनी वहीत त्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

पुढचा शब्द होता विटनेस. हा त्यांना चांगला माहीत होता, कारण शेजाऱ्यांच्या नालीच्या भांडणात ते एकदा साक्षीदार म्हणून कोर्टात गेले होते. उलटतपासणीत नाली पूर्वेला की पश्चिमेला हेच विसरले, आणि ज्यांच्या बाजूने गेले होते ते हरले. तर विट म्हणजे काय? मला ठाऊक नव्हतं. मी ओढणी सावरली आणि ठामपणे सांगितलं की विट म्हणजे अक्कल, समज. त्याला नेस लागून विटनेस.

"अक्कल असती तर मी तिथं काहून गेलो असतो?" मामाजी म्हणाले.

मग त्यांनी शांतपणे सांगितलं की तू थाप मारतेस तेव्हा ओढणी सावरतेस, हे मले लग्नापासून माहीत आहे. चाळीस वर्षं बायकांचे पदर पाहिलेला माणूस, त्याला काय लपणार. मी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी मुलीची बस चुकली, तिला सोडायला शाळेत गेले तेव्हा तिच्या इंग्रजीच्या बाईंना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी मोबाइलवर शोधलं आणि निघालं असं की विट म्हणजे पूर्वी जाणणं, ठाऊक असणं, आणि ज्याला ठाऊक आहे तो विटनेस. म्हणजे माझी थाप बहुतेक खरी होती. घरी येऊन मी हे इतक्या ऐटीत सांगितलं, जणू आधीपासून माहीतच होतं. मामाजी माझ्या ओढणीकडे बघत होते.

एका शब्दाने मात्र त्यांनाच फसवलं. लाय म्हणजे खोटं, हे त्यांना नातीकडून कळलं होतं. त्यावरून लायनेस म्हणजे खोटेपणा असं त्यांनी वहीत लिहिलं आणि भांड्यांच्या दुकानदाराला सांगितलंही. मुलीने पुस्तकातलं चित्र आणून दाखवलं. लायनेस म्हणजे सिंहीण. त्यात नेस नाहीच, लायनला स्त्रीलिंगाचा 'एस' लागलेला आहे. मामाजींनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि हा काठ डुप्लिकेट आहे असा निर्णय दिला.

याच सुमारास शाळेतून चिठ्ठी आली. आजी-आजोबा दिवस आहे, प्रत्येकाने मंचावर दोन मिनिटांत काहीतरी सादर करावं. मला वाटलं मामाजी भजन म्हणतील. ते म्हणाले, भजन सगळेच म्हणतील. मी नेस करतो.

मुलीचा चेहरा उतरला. तिने अटी घातल्या. विकनेस बोलायचं नाही. फुकटनेस, चिकटनेस बोलायचं नाही. आणि माइकवर मले-तुले करायचं नाही, कारण त्यांच्या प्रिन्सिपल मॅडम फक्त इंग्रजी बोलतात आणि कुणी मराठी बोललं तर रागावत नाहीत, नुसत्या बघतात. ते बघणं रागावण्याहून वाईट असतं म्हणे. मामाजींनी सगळ्या अटी मान्य केल्या. रोज दुकान बंद करण्याआधी ते 'मला, तुला, मला, तुला' असा सराव करायचे. ते मला ऐकवत नसे, म्हणून मी लवकरच दिवे मालवायला घ्यायचे.

कार्यक्रम असा ठरला होता की पाच शब्द, पाच साड्या. शब्द म्हणायचा, अर्थ सांगायचा, साडी नेसून दाखवायची, सोडायची, पुढची घ्यायची. दुकानात हे दोन मिनिटांत बसत होतं. पण शाळेत कुणाचा वेळ संपत आला की घंटी वाजायची, आणि मामाजींना तो नियम सांगितला नव्हता. त्यांच्या आधीच्या आजींना ओवीच्या मधेच घंटी वाजवून थांबवलं, ते पाहून मामाजी धसकले.

मंचावर जाऊन त्यांनी नमस्कार केला. "ब्राइटनेस म्हणजे झळाळी," म्हणाले आणि पिवळी नेसली. टाळ्या पडल्या. मग वेळ वाचवायला त्यांनी पिवळी सोडलीच नाही. "डार्कनेस म्हणजे काळोख," आणि पिवळीवर काळी चंद्रकळा. "सॉफ्टनेस म्हणजे मऊपणा," त्यावर कोसा. "फ्रेशनेस म्हणजे ताजेपणा," त्यावर हिरवी. "रिचनेस म्हणजे श्रीमंती," असं म्हणून त्यांनी जरीची जड साडी वरून घेतली तेव्हा मंचावर मामाजी उरले नव्हते. मिशी असलेला एक गठ्ठा होता. घंटी वाजली. ते उतरायला वळले, पण पाय वेगळे होईनात. त्यांनी एक पाऊल टाकलं, दोन्ही पाय एकाच वेळी उडाले आणि ते पायरीच्या अलीकडे डुलत उभे राहिले.

पहिल्या रांगेत बसलेल्या प्रिन्सिपल मॅडम ताडकन उठल्या. "ओ माय गुडनेस," त्या म्हणाल्या.

मामाजींनी डुलणं थांबवलं. साड्यांतून जेवढे निघाले तेवढे हात जोडले आणि आदराने म्हणाले, "होय मॅडम, तुमचाच चांगुलपणा."

मग जो हशा झाला त्यात घंटी कुणाला ऐकू आली नाही. मुलं आपापल्या जागेवरून शब्द ओरडू लागली आणि मामाजी गठ्ठ्यातूनच अर्थ देऊ लागले. स्वीटनेसला गोडवा. इलनेसला आजारपण. मॅडनेसला येडेपणा, आणि तो तुमच्यासमोर उभा आहे. शेवटी दोन शिक्षिका वर गेल्या, साड्यांची टोकं धरली आणि मामाजी जागच्या जागी गोल फिरत सुटे झाले. शेवटची पिवळी निघाली तेव्हा त्यांना चक्कर आली होती, पण त्यांनी माइक सोडला नव्हता. सबंध कार्यक्रमात त्यांनी एकदाही मले म्हटलं नाही. ते मी लक्ष देऊन ऐकलं होतं.

ऑटोत मुलगी बोलली नाही. दोन दिवस ती शाळेत कुणाशी बोलली नाही असंही कळलं. तिसऱ्या दिवशी चौथीच्या दोन्ही तुकड्यांत तिच्या आबाजींची नक्कल करण्याची स्पर्धा लागली आणि खरी नक्कल फक्त हिलाच येते असं ठरलं, तेव्हा ती बोलू लागली.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी दुकानात प्रिन्सिपल मॅडम आल्या. बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मुलगी गृहपाठ टाकून ताठ उभी राहिली. मॅडमनी तिला इंग्रजीत बसायला सांगितलं, मला इंग्रजीत करवतकाठी दाखवायला सांगितली, मामाजींना इंग्रजीत नमस्कार केला. मी चार साड्या काढल्या. त्यांनी एक उचलली, काठ उलटा करून पाहिला, भाव विचारला. मामाजींनी सांगितला.

मॅडमनी चष्मा काढला. "काहून एवढा सांगून राहिले तुम्ही?" त्या म्हणाल्या. "मी इथल्याच चिखल्याची आहो. माहे वडील तिथल्या मँगनीजच्या खाणीत होते. मले काठ नका शिकवू."

मामाजींचा चेहरा असा खुलला की मी आता भाव पडणार हे ओळखलं. पुढची वीस मिनिटं दोघं मन लावून भांडली. मॅडम हात नाचवून बोलत होत्या, मामाजी 'अवो बाई' म्हणत होते, आणि मुलगी पेन्सिल धरून कधी इकडे बघत होती कधी तिकडे. तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मॅडमले आपली बोली येते?" मी होकारार्थी मान हलवली आणि तिला गप्प बसायला सांगितलं, कारण सौदा नाजूक जागी आला होता.

शेवटी मॅडमनी बहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि मामाजींना साडी नेसायला सांगितलं. मामाजींनी निऱ्या घातल्या, पदर खांद्यावर घेतला, दोनदा वळून दाखवलं. पलीकडून बहिणीचा आवाज आला की साडी ठीक आहे, पण ही मिशीवाली कोण आहे?

मॅडमनी फोन छातीशी दाबला आणि हसू आवरेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांनी फोन पुन्हा समोर धरला तेव्हा मामाजी पदर सावरून त्याच्याकडे वाकले आणि म्हणाले, "नमस्कार बाई. दुसरा रंगही आहे, दाखवू काय?"