हातावर पाणी घालणारं माणूस

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट. जुन्नरच्या आमच्या तपासणीच्या खोलीत प्लेगचा संशय असलेला उंदीर चिरला, काचेवर नमुना घेतला आणि नेहमीसारखे कार्बोलिक साबणाने हात धुतले. बोरीहून आलेली आत्या दारातून बघत होती.

"अरं, घाण हातानं तांब्या उचललास, हात धुऊन परत त्योच धरलास. मंग धुतलंस काय? याच हातानं लेकीला उचलतोस व्हय?"

इतकी वर्षं भिंगाखाली जंतू शोधले, तांब्याचा विचारच केला नाही. तो लगेच उकळायला टाकला.

आत्यानं दुसरा तांब्या आणला. "कर हात पुढं, शाण्या!" लहानपणी घालायची तसंच तिनं पाणी घातलं.

उद्या ती गावी जाईल. तुमच्या हातावर पाणी कोण घालतं?