चाळिसाव्या दिवसाचा मोगरा

सुलोचनावहिनी दोडामार्गकडून लग्न होऊन डिचोली तालुक्यातल्या ह्या आमच्या गावात आल्या, त्याला बत्तीस वर्षं झाली. त्यांच्या आणि आमच्या परसात एकच गडगा, दगडांचं बुटकं कुंपण. नवरा सखाराम खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यावर मुरगावला बंदरात लागला, आठवड्याने घरी येतो. मुलगी तेजस्विनी पाळी गावात दिलेली. म्हणजे घरात वहिनी एकट्या, आणि परसात मोगऱ्याची चौदा झाडं.

मोगरा आमच्याकडेही आहे. फाल्गुनात भरभरून फुलतो, मग चार-दोन कळ्या देत राहतो, आणि आम्ही तेवढ्यावर देवपूजा भागवतो. वहिनींना ते पुरत नसे. पहिला बहर सरला की त्या फांद्या वीतभर ठेवून छाटायच्या, उरलीसुरली पानं हातानं ओरबाडायच्या, मुळाशी माती उकरून आठ दिवस पाण्याचा थेंब द्यायच्या नाहीत. झाड मेल्यासारखं दिसायचं. मग शेणखत, भिजवलेली शेंगदाण्याची पेंड आणि घागरी घागरी पाणी. चाळीस दिवसांनी त्याच झाडांवर पहिल्याहून दाट बहर.

"तुमच्या हाताला दया नाही हो," मी म्हणायची.

"लाड केल्यार नुसती पानां येतत," त्या म्हणायच्या. "झाड आणि घोव सारखोच गो. चार दिस उपाशी ठेवलंय काय सरळ येता!"

यंदा शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या सुमारास देवळाच्या कमिटीचा सेक्रेटरी गौरेश त्यांच्या दारात आला. वहिनी त्याला दर भाऊबीजेला ओवाळतात. म्हणाला, "वहिनी, वैशाखात देवीचा वर्धापनदिन. त्या दिवसाची सगळी पूजा तुमच्या मोगऱ्याची. दुसऱ्याचं फूल लावणार नाही."

हे त्यांनी मला तीनदा येऊन सांगितलं. एवढी वर्षं काढूनही गावाच्या तोंडी त्या 'भायली', म्हणजे बाहेरचीच होत्या. देवीच्या अंगावर आपली फुलं चढली की तो शब्द गळून पडेल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. तरी त्यांनी देवीचा प्रसाद घेतला, म्हणजे कौल लावला. भटजींनी मूर्तीवर पाण्याने पाकळ्या चिकटवल्या, वहिनींनी हात जोडून विचारलं, "झाडां छाटू काय?" उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. मग त्यांनी वर्धापनदिनापासून चाळीस दिवस मागे मोजून छाटणीचा दिवस धरला.

त्याच्या आदल्या दिवशी आमचे हे जेवताना म्हणाले (तेही कमिटीवर आहेत), "फोंड्याचा एक भक्त वर्धापनदिनाची सगळी फुलं पाठवतो म्हणाला. आम्ही होय म्हटलं."

"आणि सुलोचनावहिनी?"

"गौरेश सांगेल. तू तोंड उघडू नको. बाहेर फुटलं तर माझं नाव येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी कात्री घेऊन गडग्याशी आल्या. आठ झाडं छाटून झाली होती. सहा उभी होती, त्यांच्यावर हरभऱ्याएवढ्या कळ्या. ती तेजस्विनीच्या फुलां माळपासाठी राखलेली. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात आमच्याकडे मुलीचे केस फुलांनी झाकतात, आणि ती फुलं आईनं न्यायची असतात.

"गो विनिता, आठ झाडांत पूजा भागात काय गो? ही सहा ठेवू काय छाटू? एवढ्याक देवीक कित्याक त्रास, म्हणान तुका इचारतंय."

तेव्हा एक वाक्य सांगायचं होतं. माझ्या तोंडून दुसरंच निघालं. "देवीचं आधी, वहिनी."

"खरा," त्या म्हणाल्या, आणि उरलेली सहाही छाटली.

बारा दिवसांनी पाळीला फुलां माळप झालं. वहिनींनी डिचोलीच्या बाजारातून वेण्या नेल्या, बर्फावर ठेवलेल्या, पाकळ्या कडांना तांबूस. तेजस्विनी सासरच्या बायकांसमोरच म्हणाली, "आई, चवदा झाडां आसून म्हाका बाजारातलीं फुलां?"

"ह्या वर्सा ती देवीची, बाय."

"देवीचो दीस दर वर्सा येता. म्हजो एकदांच."

त्या दिवसापासून तिने आईचा फोन घेणं सोडलं.

चाळीस दिवसांत गौरेशने काही सांगितलं नाही. मी रोज वाट पाहिली, आज सांगेल, उद्या सांगेल. झाडांनी मात्र दिवस चुकवला नाही. वर्धापनदिनाच्या पहाटे चौदाही झाडं पांढरी झाली होती. वहिनींनी मला हाक मारली आणि मी गेले. कळ्या खुडल्या, केळीच्या दोऱ्यात हार गुंफायलाही बसले. त्या आरती गुणगुणत होत्या. मी मान वर केली नाही.

देवळात पोचलो तर फोंड्याची गाडी रिकामी होऊन परत निघाली होती. देवी जरबेरा आणि ऑर्किडमध्ये गळ्यापर्यंत बुडालेली.

गौरेश पुढे आला. "वहिनी, राग मानू नका. पूजा बांधून झाली. हे हार आपण सभामंडपाच्या खांबांना लावूया, शोभा येईल."

"खांबाक?" वहिनी म्हणाल्या. "मी खांबाक शबूद दिललंय? की तू खांबाच्या वतीनं माझ्या दारात आयलंलस?"

दोघं-तिघं हसले. गौरेश घंटेकडे बघत राहिला. वहिनींनी टोपली उचलली आणि देवळाच्या तळीवर जाऊन हार पाण्यात सोडले. देवीच्या नावाने खुडलेली फुलं, ती लेकीलाही देता येत नव्हती. मी मागे उभी होते.

"तुका नवल वाटूक नाय," त्या वळून म्हणाल्या. "सगळ्यांची तोंडां बघितलंय मी. तुझाच तेवढा बदलूक नाय. कधीपासून ठावक होता?"

"छाटणीच्या आदल्या दिवसापासून."

त्यांनी मनात हिशेब केला, तो मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. तो सहा झाडांपाशी येऊन थांबला. "म्हणजे गडग्याशी उभी होतंय तेव्हा."

"होय."

"गौरेश परको गो. तू माझ्या शेजारची." रिकामी टोपली त्यांनी काखेत धरली. "तेजूक आता तू सांग. माझा ती ऐकत नाय."

दुसऱ्या दिवशी मी पाळीची बस धरली. तेजस्विनी सोप्यावर बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं. कमिटीचा निर्णय मला ठाऊक होता, ती सहा झाडं तुझी होती, आणि ती माझ्या शब्दावर छाटली गेली.

"आईक खबर नासली?"

"नव्हती."

"आनी तुमी फुलां माळपाक आयल्यात, मावशी. म्हज्या केसांत पयली वेणी तुमीच घाली."

तिने फोन लावला. पलीकडून वहिनींचा आवाज आला आणि ती नुसती "आई, आई" करत राहिली. मी पायऱ्या उतरले. परतीच्या बसला तासभर होता. तो मी रस्त्याकडेला उभी राहून काढला.

वहिनी आता दर आठवड्याला पाळीला जातात. जाताना माझ्या दारावरूनच जातात, थांबत नाहीत.