मोरचुदाचं मीटर

रुद्रप्पाच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत नवरा-बायको एका छपराखाली किती दिवस राहिली, हे त्याला तोंडपाठ होतं. एकशे एकोणनव्वद. त्यात यात्रेजत्रेला भर गर्दीत भेटलेले दिवसही त्यानं धरले होते, म्हणजे खरा आकडा त्याहून कमीच.

बसव्वा दुधनीला सासू-सासऱ्यांपाशी. हा सोलापुरात, गिरणीच्या यंत्रांना तेल घालायच्या कामावर. राहायचा पाचजणांच्या खोलीत, भिंतीकडेला वळकटी टाकून. बायकोला आणायचं तर ठेवायचं कुठं? गिरणीच्या चाळीत स्वतंत्र खोली मिळे ती वायरमनला, आणि वायरमन व्हायचं तर गिरणीतला संध्याकाळचा वर्ग पास व्हावा लागे. म्हणून अठ्ठाविसाव्या वर्षी हा गडी पुन्हा पाटीपेन्सिल घेऊन बसला. खोलीतल्या सोबत्यांनी टिंगल करून घेतली. म्हाताऱ्या बैलाला झूल कशाला, म्हणाले. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वर्गाचे हिंदुराव मास्तर शिस्तीचे. परीक्षेला प्रत्येकानं आपल्या हातानं एक उपकरण करून दाखवायचं, हा त्यांचा दंडक. बाकीच्यांनी घंटा केल्या, बटणांच्या फळ्या केल्या. रुद्रप्पा म्हणाला, मी मीटर करतो. वीज किती जळली ते सांगणारं. मास्तरांनी कारण विचारलं तर हा लाजला. जी गोष्ट डोळ्याला दिसत नाही ती मोजता येते, याचंच त्याला अप्रूप होतं. रोज दिवेलागणीला त्याच्या छातीतून दुधनीच्या दिशेनं काहीतरी वाहत जाई, ते कुणी मोजत नव्हतं. पण हे काय मास्तरांना सांगायचं असतं?

मास्तरांनी जुनी रीत सांगितली. काचेच्या बरणीत मोरचुदाचं निळं पाणी, त्यात तांब्याच्या दोन पट्ट्या. दिव्याकडे जाणारी वीज या पाण्यातून न्यायची. एका पट्टीचं तांबं सुटतं आणि दुसरीवर बसतं. जेवढी वीज तेवढं तांबं. शेवटी वाढलेली पट्टी तोलायची की झालं. बारा संध्याकाळी दिवा जळेल, मग वर्गातल्या विकतच्या मीटरशी आकडा ताडून बघू. जुळला तर पास.

बरणी लावण्याआधी पट्ट्या तोलायला तो तिप्पण्णा सोनाराकडे गेला. वाढणारी एकच तोला, म्हणाला. तिप्पण्णाला अर्धवट काम खपत नसे. "तराजू काढलाय तर दोन्ही तोलतो की," असं म्हणून त्यानं दोन्हींचं वजन गुंजेसकट चिठ्ठीवर लिहून दिलं. रुद्रप्पानं ती चिठ्ठी टोपीत खोचली आणि विसरून गेला.

बारा संध्याकाळी तो बरणीसमोर बसला. एक पट्टी जाडसर, खरबरीत, काळपट तांबडी होत चालली. तो तिच्याकडे असा बघे की मास्तरांनाही हसू येई. बारावी संध्याकाळ भोगीच्या आदल्या दिवशी आली. परीक्षा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी होती. आणि संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला दुधनीची मंडळी येणार होती, त्यांत बसव्वाही. तीन दिवस ती आपल्या सावित्रम्मा मावशीकडे उतरणार होती.

आता शहाण्या माणसानं पट्टी वर्गाच्या कपाटात ठेवली असती. पण शहाणा माणूस बायकोवाचून सात वर्षं काढत नाही. तू नव्हतीस तेव्हा मी काय करत होतो, ते तिला हातात देऊन दाखवायचं होतं त्याला. भोगीच्या सकाळी वाढलेली पट्टी त्यानं रुमालात गुंडाळली, मावशीच्या घरी नेली आणि मास्तरांपुढं न्यायची आहे एवढंच सांगून कोनाड्यात ठेवली. बसव्वा नुकतीच गाडीतून उतरून आली होती. चारचौघांत धड बोलताही येईना. बाकीचं निवांत सांगू, असं मनाशी म्हणत तो तिच्यासाठी बांगड्या आणायला बाहेर पडला.

भोगीचा दिवस. मावशीच्या अंगणात घरातलं सगळं तांबं-पितळ घासायला काढलेलं. बसव्वानं कोनाड्यातली पट्टी पाहिली. उद्या-परवा ही मास्तरांपुढं न्यायची आणि रूप हे असं? तिनं चिंच घेतली, राख घेतली, काथ्या घेतला. रुद्रप्पा बांगड्या घेऊन परतला तेव्हा पट्टी हंड्या-घागरींच्या रांगेत उन्हात लखलखत होती, आणि बसव्वा शाबासकीसाठी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

बांगड्या खाली ठेवून त्यानं पट्टी उचलली. रागावला नाही, तेच तिला जास्त लागलं. त्यानं सगळं सांगितलं. बारा संध्याकाळी बसलेलं आणि आता चिंचेनं गेलेलं तांबं, परीक्षा, चाळीतली खोली. अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. बसव्वाच्या हाताला अजून चिंच होती.

"तीन दिवसासाटी आले आन् तुमचं बारा दिवसांचं घासून टाकलं," ती म्हणाली. मग डोळे पुसून विचारलं, "पन हे तांबं आलं कुटनं? पान्यातनं?"

"न्हाय. दुसऱ्या पट्टीचं. ती झिजती."

"मंग झिजलेली तोला की. तिला कुटं मी हात लावलाय?"

रुद्रप्पानं टोपी काढली. चिठ्ठी घामानं मऊ झाली होती, पण आकडे शाबूत होते.

परीक्षेच्या दिवशी त्यानं घडलं ते लपवलं नाही. तिप्पण्णाचा तराजू वर्गात आला. चिठ्ठीतल्या वजनापेक्षा झिजलेली पट्टी छपन्न गुंजांनी घटली होती. विकतच्या मीटरवरून अठ्ठावन्न यायला हव्या होत्या. हिंदुराव मास्तरांनी चष्मा पुसला. "दोन गुंजा तुझ्या बायकोला माफ," म्हणाले, आणि पास लिहिलं.

पण त्या संध्याकाळी बसव्वा दुधनीच्या गाडीत बसलीच. वायरमनची जागा श्रावणात मिळाली, खोली रिकामी व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. तोवर रुद्रप्पा दुसऱ्यांच्या घरांत दिवे लावत हिंडला. बटण दाबल्यावर घरातल्या बाईचा चेहरा उजळे, आणि याला दुधनी आठवे.

अखेर ती आली. खोलीतली पहिली भोगी. बसव्वानं घागर घासली, तांब्या घासला, आणि कोनाड्यातल्या त्या दोन पट्ट्यांपाशी तिचा हात थांबला.

"ह्या घासू का?" तिनं भीत भीत विचारलं.

रुद्रप्पानं पट्ट्या काढून तिच्या हातात दिल्या.

"घास," तो म्हणाला. "आता मोजायचं काय ऱ्हायलंय? तू हितंच हाईस की."